भांडायचं तर हे वाचून भांडा: ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचे अहवाल

गणपतीत आमच्या इथल्या हॉलवर आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि खुर्च्या रचता रचता वाद पेटला. २०२५ चा ऑगस्ट संपत आला होता. लंडनजवळच्या एपिंग गावातल्या बेल हॉटेलसमोर जुलैपासून निदर्शनं चालू होती. तिथे आश्रय मागणाऱ्यांना ठेवू नये असा हंगामी मनाईहुकूम हायकोर्टानं १९ ऑगस्टला दिला आणि २९ तारखेला, आमच्या कार्यक्रमाच्या आदल्याच दिवशी, अपील कोर्टानं तो उठवला. त्यामुळे विषय प्रत्येकाच्या तोंडी होता.

आमचे डॉक्टरकाका चाळीस वर्षं इथल्या सरकारी दवाखान्यांत राबलेले. ते म्हणाले, "एका माणसाचे रात्रीचे १४५ पौंड! माझ्या टॅक्सातून! आणि मला माझ्या गुडघ्यासाठी वर्षभर थांबायचं." त्यांच्या बाजूला उभा असलेला, तीन वर्षांपूर्वी नोकरीच्या व्हिसावर आलेला मुलगा म्हणाला, "आम्ही इथल्या सरकारी दवाखान्यांसाठीचा हेल्थ सरचार्ज, माणशी वर्षाला ६२४ पौंड, आगाऊ भरून आलो. रांगेत उभे राहिलो. मग हे बोटीतून येणारे कोण?" त्यावर कायद्याचं शिक्षण घेणारी एक मुलगी उसळली. "काका, हे आकडे पेपरवाले फुगवतात. माणसं जीव मुठीत धरून आलीत, तुम्ही हॉटेलची बिलं काय मोजताय?" पाच मिनिटांत कुणीतरी कुणाची माणुसकी काढली आणि कुणीतरी "स्वतः टॅक्स भरायला लाग, मग बोल" असं सुनावलं. काका जेवायला न थांबता निघून गेले.

मी गप्प होते, कारण मला दोघांचंही अर्धं पटत होतं आणि अर्धं चुकीचं आहे हे माहीत होतं. मी एका कौन्सिलच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात १९ वर्षं काढून निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना आणि त्या मुलीला एकच गोष्ट पाठवली: नॅशनल ऑडिट ऑफिसचा मे २०२५ चा अहवाल, आश्रय मागणाऱ्यांच्या निवासाच्या कंत्राटांवरचा. हे परीक्षण त्या सेवेचं. सेवा म्हणते, कारण ती आपल्या सगळ्यांच्या पैशातून चालते, कुणालाही फुकट मिळते आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. पाचापैकी साडेचार गुण देईन. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आपल्याकडे जसे कॅग, तसे इथे कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल, आणि त्यांचं कार्यालय ते नॅशनल ऑडिट ऑफिस. १९८३ च्या कायद्यानं ते आजच्या रूपात आलं. हे अधिकारी सरकारचे नोकर नाहीत, संसदेचे आहेत. नेमणूक दहा वर्षांसाठी, एकदाच. मंत्री रागावले म्हणून त्यांना घरी पाठवता येत नाही, त्यासाठी दोन्ही सभागृहांनी राजाकडे मागणी करावी लागते. कार्यालयाचं अंदाजपत्रकही अर्थखातं ठरवत नाही, संसदेचा वेगळा आयोग ठरवतो. मी हे एवढं सांगते, कारण काकांचा पहिला प्रश्न हाच होता: "सरकारचाच माणूस सरकारबद्दल खरं कशाला लिहील?"

आता त्या अहवालात काय आहे ते बघा. २०१९ साली तीन कंपन्यांना दहा वर्षांची कंत्राटं दिली, तेव्हा एकूण खर्च ४.५ अब्ज पौंड येईल असा अंदाज होता. आता तो १५.३ अब्जांवर गेला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये या निवासात सुमारे ४७ हजार माणसं होती, डिसेंबर २०२४ मध्ये १ लाख १० हजार. म्हणजे माणसं सव्वादोनपटीच्या थोडी वर आणि खर्चाचा अंदाज साडेतीनपटीकडे. पहिल्याच पानांवर ही गोष्ट समोर येते. मग पुढचा आकडा, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे: २०२४-२५ मध्ये हॉटेलांत होती ३५ टक्के माणसं आणि खर्चातला वाटा होता ७६ टक्के.

मी पाकिटाच्या मागे गणित मांडलं. ३५ जणांवर ७६ रुपये, उरलेल्या ६५ जणांवर २४ रुपये, असं धरा. हॉटेलातल्या माणसावर माणशी दोन रुपये सतरा पैसे, साध्या घरात ठेवलेल्या माणसावर सदतीस पैसे. जवळपास सहापट. माणूस तोच, त्याचा अर्ज तोच, त्याचा देश तोच. फरक फक्त आपण त्याला कुठे ठेवलं याचा.

त्या माणसाच्या हातात २०२५ मध्ये काय पडत होतं? स्वतः रांधून खायची सोय असेल तर आठवड्याला ४९.१८ पौंड, दिवसाला सात. हॉटेलात जेवण मिळत असेल तर आठवड्याला दहा पौंडांच्याही आत. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला सहसा काम करता येत नाही. वर्षभर थांबल्यावर परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. काकांच्या डोक्यात ते १४५ पौंड "त्यांना" मिळत होते. अहवालात त्या तीन कंपन्यांचा नफाही दिला आहे: सप्टेंबर २०१९ ते ऑगस्ट २०२४ या काळात मिळून ३८.३ कोटी पौंड. काकांनी मला संध्याकाळी फोन केला. "हे खरंच छापलंय का गं? पान कुठलं?" मी परिच्छेदाचा क्रमांक सांगितला.

परिच्छेदाचा क्रमांक. या अहवालांची ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते. प्रत्येक परिच्छेदाला नंबर असतो. सुरुवातीला मुख्य आकड्यांचं एक पान, मग दहाएक पानांचा गोषवारा, मग तपशील, आणि शेवटी पुरावा कुठून गोळा केला याचं परिशिष्ट. ज्याच्याकडे वीस मिनिटं आहेत त्यानं गोषवारा वाचावा, ज्याच्याकडे एक सुट्टीचा दिवस आहे त्यानं सगळं. इंग्रजी सरळ आहे. कचेरीतल्या इंग्रजीला बिचकणाऱ्या माझ्या जावेनंही गोषवारा एका बैठकीत वाचला.

भाषेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बाहेरून वाचणाऱ्याला हे अहवाल थंड वाटतात. "निदर्शनास आले", "पुरेसा आधार आढळला नाही", असलीच वाक्यं. कुठे संताप नाही. पण छापण्याआधी त्या खात्याला मसुदा दाखवून त्यातली प्रत्येक वस्तुस्थिती मान्य करून घ्यावी लागते, आणि ते म्हणजे काय हे मी अनुभवलं आहे. आमच्या कौन्सिलमध्ये मी एकदा तात्पुरत्या निवासाची बिलं तपासत होते. सहा खोल्यांचं भाडं अकरा आठवडे भरलं होतं आणि त्या खोल्यांत कुणी राहत असल्याची एकही सही नव्हती. मी मसुद्यात लिहिलं, "वापराची नोंद ठेवलेली नाही." संबंधित व्यवस्थापकाची मागणी होती की मी त्याऐवजी "नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत सुधारणेस वाव आहे" असं लिहावं. तीन बैठका झाल्या. मी माझं वाक्य सोडलं नाही, पण त्या तीन बैठकांत माझी झोप गेली. म्हणून या अहवालांत एखादं उघडं, कोरडं वाक्य दिसलं की त्यामागे कुणीतरी हट्टानं उभं राहिलं आहे हे मला कळतं. खात्यानं वस्तुस्थिती मान्य केल्यावर उरलेलं वाक्य आहे ते. मंत्र्यालाही मग ते नाकारता येत नाही.

नॉर्थआयचा अहवाल घ्या. नोव्हेंबर २०२४ चा, छोटासा आहे, नवीन वाचकानं त्यापासूनच सुरुवात करावी. पूर्व ससेक्समधल्या बेक्सहिलजवळ एका जुन्या तुरुंगाची जागा. गृहखात्यानं ती आश्रय मागणाऱ्यांच्या निवासासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये १.५४ कोटी पौंडांना विकत घेतली. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी ती साधारण वर्षभरापूर्वी ६३ लाखांना घेतलेली होती. जागेत अ‍ॅस्बेस्टॉस. घाईत नेहमीच्या तपासण्या गाळल्या गेल्या, आणि शेवटी जागा ज्या कामासाठी घेतली त्याला योग्य नाही असं ठरलं. तिथे एकही माणूस राहिला नाही. मी हा अहवाल वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. वर्षभरात ९१ लाखांचा फरक, आणि या सगळ्यात एकाही निर्वासिताचा हात नाही.

किंवा मार्च २०२४ चा निवासाबद्दलचा अहवाल. हॉटेलं महाग पडतात म्हणून जुने हवाई तळ आणि पोर्टलंडच्या बंदरात उभी केलेली बिबी स्टॉकहोम ही तरंगती इमारत वापरायचं ठरलं. स्कॅम्प्टन आणि वेदर्सफील्ड हे तळ राहण्याजोगे करायला प्रत्येकी ५० लाख लागतील असा सुरुवातीचा अंदाज. तो गेला स्कॅम्प्टनसाठी २.७ कोटींवर आणि वेदर्सफील्डसाठी ४.९ कोटींवर. आणि अशा एकूण चार मोठ्या जागांचा एकत्र हिशेब केल्यावर त्या हॉटेलांपेक्षा ४.६ कोटींनी महाग पडणार असं निघालं. स्वस्तात पडावं म्हणून केलेली सोय हॉटेलाहून महाग! स्कॅम्प्टनला तर कुणाला ठेवायच्या आधीच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बेत सोडून दिला.

त्या व्हिसावाल्या मुलाचा प्रश्न वेगळा होता. तो म्हणाला, "मावशी, मग सरळ येऊच देऊ नका ना. रवांडाला पाठवत होते ते बरं होतं." त्यालाही मी अहवालच दिला, मार्च २०२४ चा रवांडा कराराच्या खर्चाचा. आश्रय मागणाऱ्यांना इथून रवांडाला पाठवायचा हा करार एप्रिल २०२२ मध्ये झाला. २०२३ अखेरपर्यंत २४ कोटी पौंड रवांडाला दिले गेले होते, एप्रिल २०२४ मध्ये आणखी ५ कोटी द्यायचे होते. पुढे ३०० माणसं पाठवली की १२ कोटी, आणि त्यावर माणशी वीस हजार, शिवाय प्रत्येकाच्या पाच वर्षांच्या खर्चापोटी दीड लाखांपर्यंत. त्या वेळेपर्यंत करारानुसार एकही माणूस गेलेला नव्हता. जुलै २०२४ मध्ये नव्या गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की सगळा मिळून खर्च ७० कोटी झाला आणि गेले ते चार जण, तेही स्वखुशीनं.

यातली एक गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगते. इथे प्रत्येक खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी पैशाला स्वतः जबाबदार असतो. एखाद्या योजनेतून पैशाचं चीज होईल याची खात्री त्याला देता येत नसेल, तर तो मंत्र्याकडून लेखी आदेश मागतो, आणि तो पत्रव्यवहार जाहीर होतो. रवांडा कराराच्या वेळी गृहखात्याच्या अधिकाऱ्यानं नेमकं तेच केलं. या योजनेमुळे लोक यायचे थांबतील आणि त्यामुळे पैसे वसूल होतील, असं दाखवणारा पुरेसा पुरावा नाही, असं त्यानं कळवलं. मंत्र्यांनी लेखी आदेश दिला आणि योजना पुढे गेली. दोन्ही पत्रं तेव्हाच जाहीर झाली, कुणालाही वाचायला खुली होती. तो मुलगा म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." खरं आहे.

आता त्या कायद्याच्या मुलीबद्दल. तिला वाटत होतं की आकडे फुगवलेले आहेत. नाहीत. खर्च खरोखर एवढा आहे, आणि त्याबद्दल चिडणारा प्रत्येक माणूस वंशद्वेष्टा नाही. तिला अहवाल वाचून वाईट वाटलं, आणि ते तिनं मोकळेपणानं कबूल केलं. मग तिनं पुढचा उद्योग केला, तो मला फार आवडला: तिनं पब्लिक अकाउंट्स कमिटीच्या बैठकांचे शब्दशः वृत्तान्त काढले. ही खासदारांची समिती १८६१ पासून आहे, अध्यक्ष रीतीप्रमाणे विरोधी पक्षाचा असतो. ऑडिटचा अहवाल हातात घेऊन ते अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात. मग सरकारला त्यांच्या शिफारशींना लेखी उत्तर द्यावं लागतं. अहवाल, उलटतपासणी, उत्तर, असं तिन्ही ओळीनं वाचलं तर चित्र पुरं होतं. नुसता अहवाल वाचून थांबू नका.

कमतरता दोन आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत. पहिली, पैसे गेल्यावर अहवाल येतो. नॉर्थआयचा व्यवहार झाला २०२३ मध्ये, आपल्याला कळलं २०२४ संपताना. अर्धा गुण इथे गेला. ऑडिटचं काम मागून येणारं असतं हे मला कुणी शिकवायला नको, तरी नागरिक म्हणून जीव तुटतो.

दुसरी अशी की कायद्यानंच त्यांना धोरण बरोबर की चूक हे म्हणायची मुभा नाही. माणसांना आसरा द्यावा की नाही, किती जणांना द्यावा, याबद्दल अहवालात एक अक्षर सापडणार नाही. ते फक्त विचारतात की जे करायचं ठरवलंत ते नीट, काटकसरीनं केलंत का. काकांना हे अपुरं वाटलं. मला नेमकं हेच हवं होतं. हॉलवर त्या दिवशी दोन भांडणं एकमेकांत गुंतली होती. एक, या लोकांना घ्यायचं का. दुसरं, सरकारच्या हाती पैसा विश्वासानं द्यावा का. दुसऱ्या भांडणातला राग पहिल्यातल्या माणसांवर निघत होता, कारण ती माणसं डोळ्यांसमोर दिसतात, हॉटेलच्या दारात उभी असतात, आणि कंत्राट कुणाला दिसत नाही.

हे मी लहानपणी पाहिलं आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी शरणार्थींच्या मदतीसाठी ५ पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. पूर्व बंगालमधून तेव्हा जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली होती. माझे वडील टपाल खात्यात होते, काउंटरवर बसत. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटावर छाप मारून ती आली होती. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसायची. लोक पाच पैसे टाकायचे, बहुतेक जण काही न बोलता. पण एक म्हातारे गृहस्थ दर वेळी विचारायचे, "पोस्टमास्तर, हे पोचतात ना तिकडे?" वडील "पोचतात" म्हणायचे, आणि घरी आल्यावर आईला म्हणायचे की माझ्याकडे त्यांना दाखवायला कागद नाही. ते गृहस्थ शरणार्थींच्या विरोधात नव्हते. त्यांना फक्त हिशेब हवा होता.

माझी बाजू लपवून ठेवत नाही: आसरा द्यावा, असंच माझं मत आहे. आमच्या गल्लीत एक गुजराती बा राहतात. इदी अमीननं १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना ९० दिवसांत हाकललं, तेव्हा इथे आलेल्या २७-२८ हजारांपैकी त्या एक. सफोकमधल्या स्ट्रॅडिशॉलच्या जुन्या हवाई तळावर, बराकीत, त्यांचा पहिला हिवाळा गेला. लेस्टरच्या कौन्सिलनं तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. बा पुढे तिथेच गेल्या, आणि एकतीस वर्षं होजियरीच्या कारखान्यात आणि मग स्वतःच्या दुकानात उभ्या राहिल्या. तळ तेव्हाही वापरले, आताही वापरायला काढले. बांना मी विचारलं की तेव्हा वेगळं काय होतं. त्या म्हणाल्या, "आम्हाला लगेच काम करायला मिळालं." ऑडिटच्या कुठल्याही अहवालात हे वाक्य येणार नाही, ते येण्याची जागाही ती नाही. पण खर्चाचं कोष्टक वाचताना मी ते शेजारी ठेवते.

काकांचं मत बदललेलं नाही. इतक्या लोकांना घेऊ नये असंच ते अजूनही म्हणतात. पण त्यांनी आपल्या खासदाराला पत्र लिहिलं, दोन पानी, हातानं, आणि त्यात बोटीतून आलेल्यांबद्दल एक ओळ नाही. सगळं पत्र नॉर्थआयच्या १.५४ कोटींबद्दल आहे, परिच्छेदांच्या क्रमांकांसकट. मला आधी वाचायला दिलं. मी एक स्वल्पविराम तेवढा हलवला. ती मुलगी आणि ते आता फोनवर भांडतात, तेही क्रमांक सांगून.

वापरायची रीत सोपी आहे. संकेतस्थळावर जाऊन आश्रय आणि स्थलांतर या विषयाचे अहवाल वेगळे काढता येतात, आणि ईमेल देऊन ठेवला की नवा अहवाल निघाल्याची सूचना येते. निवासाची ही कंत्राटं २०२९ पर्यंतची आहेत, २०२६ पासून ती मोडून बाहेर पडायची सोय करारात आहे. ती सोय सरकार वापरतं का, आणि पुढच्या निविदा कशा निघतात, यावर पुन्हा अहवाल येईल. काकांनी मला विचारलं, "आला की मला कळवशील ना?" मी त्यांच्याच फोनवर सूचना चालू करून दिली.